कुणाची गं तू?

आयुष्य म्हणजे स्वतःचा शोध घेण्याचा प्रवास, हे वाक्य आता इतके सर्वत्र वाचायला मिळते की तो शोध नेमका कशाचा आणि प्रवास कोणत्या वाटेने, हे विचारायचे राहूनच जाते. बहुतेक वेळा त्यामागे एक चित्र गृहीत धरलेले असते. माणूस घर, नोकरी, नाती मागे टाकून कुठेतरी दूर डोंगरात एकटा जातो आणि तिथे त्याची स्वतःच्या ‘खऱ्या’ रूपाशी गाठ पडते. मला हे चित्र पूर्णपणे पटलेले नाही. मी माहेरची सिन्नरची आणि लग्नानंतर नाशिकची. ज्या जिल्ह्यात माझे सारे आयुष्य गेले तिथे या शोधासाठी माणसे दोन हजार वर्षे येत राहिली आहेत. त्यांच्या खुणा नीट पाहिल्या तर असे दिसते की स्वतःला शोधायला निघालेला माणूस इथे कधीच पुरता एकटा नव्हता.

त्रिरश्मी डोंगरावरच्या लेण्यांपासूनच सुरुवात करते. आपण त्यांना पांडवलेणी म्हणतो, पण ती बौद्ध भिक्षूंची विहारे आहेत. एकूण 24 लेणी. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे. या लेण्यात वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी, राहणाऱ्या भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमचे गुंतवून ठेवले. त्यांपैकी 2000 गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) शेकडा दरमहा एक या व्याजाने, आणि 1000 विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, मिळायचे. गोवर्धन हे गाव आजही नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूरच्या वाटेवर आहे. मी शाळेत शिकवत असताना मुलांना घेऊन या लेण्यात जात असे आणि दर वेळी याच लेखापाशी अधिक वेळ थांबत असे. आतल्या लहानशा खोलीत, दगडी ओट्यावर, पावसाळाभर एक भिक्षू श्वासाकडे लक्ष देऊन बसलेला आहे आणि दोन कोसांवर कोणी विणकर माग चालवतो आहे, ज्याच्या कामातून या भिक्षूच्या अंगावरचे वस्त्र येणार आहे. भिक्षूचे नाव लेखात नाही, विणकराचेही नाही. व्याजाचा दर मात्र खडकात कोरून ठेवलेला आहे, कारण तो चुकला असता तर आतला माणूस निर्वेध बसू शकला नसता.

आध्यात्मिक प्रवास म्हटला की मला आणखी एक गोष्ट आठवते, ती म्हणजे ब्रह्मगिरीची फेरी. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, खरे तर आदल्या रात्रीपासूनच, नाशिकहून त्र्यंबकला जाणाऱ्या एसट्या भरभरून सुटतात. कुशावर्तावर स्नान करायचे, त्र्यंबकराजाला नमस्कार करायचा आणि डोंगर उजव्या हाताला ठेवून चालू लागायचे. लहान फेरी सुमारे 20 किलोमीटरची, मोठी त्याच्या दुप्पट. बरीच माणसे अनवाणी असतात. पाऊस असतोच. डांबरी रस्ता संपला की वाट भाताच्या खाचरांच्या कडेने जाते, पायाखालचा लाल चिखल घोट्यापर्यंत येतो, आणि अंधारात पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवून पाय टाकावा लागतो. पहाट होते तेव्हा कळते की रात्रभर ज्या डोंगराच्या कडेने आपण चाललो त्याचे रूप पुरते बदललेले आहे. त्र्यंबक गावातून जो सरळ तुटलेला काळा कडा दिसतो तो मागे राहतो आणि दुसऱ्या अंगाने तोच डोंगर उतरता, हिरवा, ओळखू न येण्याइतका मवाळ दिसू लागतो. या चालण्यात शिखर कुठेच येत नाही. जिथून निघालो तिथेच परत यायचे असते.

स्वतःविषयी जे काही मला उमगले ते बहुतेक याच रीतीने उमगले आहे. पुढे जाऊन काही सापडले असे क्वचितच झाले. तेच घर, तीच माणसे, तोच स्वभाव यांच्याभोवती वर्षानुवर्षे फिरताना एखाद्या दिवशी त्याची दुसरी बाजू समोर आली, असे अनेकदा झाले. त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यातही वर आलेली पिंडी नाही. शाळुंकेच्या मधोमध खोलगट जागा आहे आणि तिच्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत, ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची. इतके मोठे काळ्या दगडाचे मंदिर, नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेले, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक खळगा. ते दर्शन मला नेहमीच विचारात पाडते.

याच डोंगराच्या फेरीत मराठी अध्यात्माची सगळ्यांत महत्त्वाची चुकामूक झाली. विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला होता, गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा गृहस्थाश्रमात आले आणि त्यामुळे आळंदीत त्यांच्या कुटुंबाला वाळीत टाकले गेले. परंपरा सांगते की ते रुक्मिणीबाई आणि मुलांना घेऊन त्र्यंबकला आले आणि ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालू लागले. अशाच एका फेरीत रात्री वाघ समोर आला, सगळे धावले, आणि थोरला निवृत्ती मागे राहून हरवला. तो एका गुहेत शिरला तर तिथे गहिनीनाथ बसलेले होते. मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ अशी चालत आलेली नाथपंथाची दीक्षा त्या गुहेत एका भेदरलेल्या मुलाला मिळाली.

ही कथा लहानपणापासून ऐकलेली होती, परंतु तिच्यातला पुढचा भाग मला फार उशिरा जाणवला. ज्याला गुहेत सर्व काही मिळाले तो मुलगा गुहेत राहिला नाही. तो परत आला. ज्या घराला गावाने नाकारले होते त्याच घरात आला, आणि जे मिळाले ते त्याने धाकट्या भावाला दिले. ज्ञानेश्वरांचे गुरू म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. नेवाशाला शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्यात पानोपानी निवृत्तीनाथांचे स्मरण आहे, पण बोलणारा धाकटा आहे आणि थोरला ऐकतो आहे. निवृत्तीनाथांचे स्वतःचे अभंग आहेत, हरिपाठ आहे, तरीही लोकांच्या ओठांवर नाव ज्ञानोबांचेच येते. आणि याचे निवृत्तीनाथांना काही वाटले असेल, असे त्यांच्या कोणत्याही ओळीतून दिसत नाही.

पुढे तर त्यांच्या वाट्याला आणखी कठीण काम आले. 1296 च्या कार्तिकात ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. त्यानंतर महिन्याभरात सोपानदेवांनी सासवडला. पुढच्या वर्षी वैशाखात मुक्ताबाई तापीकाठी मेहूणला विजेच्या कल्लोळात अदृश्य झाल्या, असे सांगतात. थोरला भाऊ तिघांनाही पोहोचवून मग त्र्यंबकला आला आणि त्याच ज्येष्ठात त्याने आपली समाधी घेतली. नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत निवृत्तीनाथांचा शोक आलेला आहे. ज्ञानेश्वरांच्या वेळी ते रडले. ज्याने आत्मज्ञान दिले तो गुरू शिष्याच्या समाधीपाशी थोरल्या भावासारखा रडला, आणि नामदेवांनी ते झाकून ठेवले नाही, याबद्दल मला नामदेवांविषयी फार कृतज्ञता वाटते. ज्ञान झाल्यावर माणूस कोरडा होतो अशी जी समजूत आहे ती निदान आमच्या त्र्यंबकच्या संताला लागू पडत नाही.

समर्थ रामदासांविषयीही असेच मनात येते. टाकळीला, नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमावर, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांनी बारा वर्षे नामजप केला. त्यांनी शेणाचा घडवलेला मारुती आजही तिथे आहे. पुढे बारा वर्षे ते देशभर फिरले. ही चोवीस वर्षे जेव्हा जेव्हा कानावर येतात तेव्हा मला जांब गावातल्या राणूबाई आठवतात. लग्नाच्या मांडवातून निघून गेलेल्या मुलाची त्यांनी इतकी वर्षे वाट पाहिली, त्याही एका अर्थाने तपाला बसल्याच होत्या, आणि त्यांच्या तपाचा हिशोब कोणी ठेवला नाही. समर्थ शेवटी आईला भेटायला परत गेले, हे मला त्यांच्या चरित्रातले मोठे पान वाटते.

राणूबाई मला आठवतात त्याला कारण आहे. माझ्या आयुष्यातली जी वर्षे सर्वांत जास्त शिकवून गेली ती मी पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराबाहेर फारशी न पडता काढली. माझ्या सासूबाईंना उतारवयात स्मृतिभ्रंश झाला. आधी चष्मा, किल्ल्या, दुधाचे पैसे असे किरकोळ विसरायच्या. मग सकाळ की संध्याकाळ ते कळेनासे झाले. मग माणसे. डॉक्टरांनी सांगितले होते की नवे आधी पुसले जाते आणि जुने मागे राहते, आणि अगदी तसेच झाले. नातवंडे गेली, मग त्यांचा मुलगा म्हणजे माझे यजमान कधी कधी त्यांचे थोरले भाऊ होऊ लागले. मी तर फारच आधी गेले.

एके दुपारी मी त्यांच्यासमोर ताट ठेवले तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहून विचारले, “कुणाची गं तू?”

“आई, मी तुमची सून.”

“माझी सून?” त्यांनी मान हलवली. “ती शाळेत गेलीय शिकवायला. येईल आता. तू बस.”

मी बसले. त्या दाराकडे पाहत राहिल्या आणि मग शेजारणीला सांगावे तसे मला सांगू लागल्या. ती फार हट्टी आहे, पण मनाने वाईट नाही. भाकरी तिला कधी जमली नाही, कडा फाटतात. तिला यायला उशीर झाला की माझा जीव वर-खाली होतो, पण मी तिला सांगत नाही, उगीच तिला वाटायचे की सासू पाळत ठेवते. ती पहिल्यांदा पगार घेऊन आली तेव्हा तिने पाकीट माझ्या हातात दिले होते, ते मी देवापुढे ठेवले आणि मग परत तिच्याच हातात दिले.

तीस वर्षे आम्ही एका घरात राहिलो होतो आणि यातले एकही वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलेले नव्हते. पाकिटाची गोष्ट तर मी स्वतःच विसरून गेले होते. त्यानंतर बऱ्याच दुपारी असे झाले. त्या मला परकी समजून माझ्याविषयी बोलत राहिल्या आणि मी ऐकत राहिले. तिशीतली एक शिक्षिका, संध्याकाळी घाईघाईने जिना चढून येणारी, फाटक्या कडांच्या भाकऱ्या करणारी, सासूच्या मनात इतकी वर्षे जपलेली होती. ती मीच होते आणि मला तिचा पत्ता नव्हता. मी कितीही ध्यानाला बसले असते, कितीही वह्या भरून लिहिले असते, तरी ती मला माझ्या आत सापडली नसती, कारण ती तिथे नव्हतीच. माझ्यातला तो भाग त्यांच्यापाशी होता.

तेव्हापासून मला असे वाटते की माणसाचा स्वतःविषयीचा सगळा ऐवज त्याच्या स्वतःजवळ नसतो. काही आईपाशी असतो, काही एखाद्या जुन्या मैत्रिणीपाशी, काही अशा माणसापाशी ज्याचे आपल्याशी फारसे पटले नाही. आत पाहणे आवश्यक आहेच. परंतु नुसते आत पाहणाऱ्याला स्वतःची अर्धीच ओळख होते.

सासूबाईंचे स्वतःचे काय उरले होते, हा प्रश्न अधिक अवघड होता. संध्याकाळ झाली की त्या अस्वस्थ होत. दाराशी जाऊन म्हणत, “मला घरी सोड.” पन्नासहून अधिक वर्षे ज्या घरात त्या राहिल्या त्याच घरात उभ्या राहून त्या घरी जायचे म्हणत. सुरुवातीला मी सांगत असे की आई, हेच तुमचे घर. त्याने त्या अधिकच घाबरत. मग मी विचारू लागले की घर कुठे आहे, आणि त्या चांदवडचे सांगू लागत, रेणुकादेवीच्या डोंगराखालच्या त्यांच्या माहेराचे, आडाचे, चिंचेचे. बोलता बोलता दिवेलागण होऊन जाई आणि त्या शांत होत.

आणि वाती. नावे गेली, वार गेले, जेवलो की नाही हेही गेले, तेव्हाही त्यांच्या हातांना वाती वळायचे स्मरत होते. पुढ्यात कापूस ठेवला की त्या सरकीचा राहिलेला कण बोटांनी चाचपून काढत, कापूस हलक्या हाताने पिंजत, तळहाताला किंचित राख लावत आणि एका लयीत वात वळत. फुलवात करताना मधले टोक दुधाच्या बोटाने ओढून ताठ करत. प्रत्येक वात अगदी सारखी. ते करताना ओठांवर हरिपाठ असे, क्रम न चुकता, आणि मध्येच कोणी थांबवले तर पुढचा शब्द सापडत नसे, म्हणून आम्ही थांबवत नसू. आपल्या ग्रंथांमध्ये आत्म्याविषयी पुष्कळ वाचले होते. नाव आणि रूप गळून पडल्यावर काय उरते, याची चर्चा ऐकली होती. ते प्रत्यक्ष गळून पडताना पाहिले ते या खोलीत, आणि उरलेले जे दिसले ते कोणत्याही सिद्धान्तापेक्षा मला जवळचे वाटले. एका बाईचे काही एक उरले होते, आणि ते देवासाठी काहीतरी नीटनेटके करत होते.

याच काळात माझ्या नणंदबाई पुण्याहून येऊन राहिल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, आईला मी बघते. तू इगतपुरीला जाऊन ये, किती वर्षं म्हणतेयस.” धम्मगिरी आमच्या जिल्ह्यातच आहे. सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकलेली विपश्यना 1969 मध्ये भारतात आणली आणि 1976 पासून इगतपुरीच्या त्या टेकडीवर शिबिरे भरू लागली. कोणतेही शुल्क नाही. आधी शिबिर करून गेलेल्या साधकांच्या दानातून पुढच्यांचे जेवणखाण चालते, आणि हे कळले तेव्हा मला गोवर्धनच्या विणकरांची आठवण झाली.

दहा दिवसांचे शिबिर, पहाटे चारची घंटा, आर्य मौन, फोन जमा. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. मग सर्वांगावरच्या संवेदना, डोक्यापासून पायापर्यंत, काहीही न बदलता. तासभर हातपाय न हलवता बसण्याची बैठक सुरू होते तेव्हा गुडघ्यातली कळ सुरुवातीला ‘माझी’ असते, मी ती सहन करत असते आणि तिच्यावर चिडतही असते. पुष्कळ बसल्यावर एखाद्या क्षणी ती केवळ कळ होते. कुठे सुरू होते, कुठे दाटते, कुठे विरते, हे दिसू लागते, आणि ती सोसणारी जी कोणी मध्ये उभी होती ती थोडी बाजूला सरते. या परंपरेत ‘खरा मी’ सापडेल असे आश्वासन मुळात नाहीच. सर्व अनित्य आहे आणि त्यात ‘मी’ म्हणून धरून ठेवण्यासारखे काही नाही, असे तिथे सांगतात. आपला वेदान्त आत्मा सर्वत्र आहे म्हणतो. दोन्हींत फार मोठे अंतर आहे आणि ते पुसून टाकणे मला योग्य वाटत नाही. पण लहानशा ‘मी’ला घट्ट धरून बसू नका, एवढे दोघेही सांगतात, आणि माझ्या कामाला तेवढे पुरेसे होते.

शेवटी मंगल मैत्रीची साधना असते. जे काही मिळाले असेल त्यात सर्वांना वाटेकरी करायचे. त्यानंतर मौन सुटते आणि भोजनगृहात एकदम कल्लोळ उडतो. माझ्या शेजारी रोज बसणारी एक जळगावची मुलगी, जिचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता, ती सर्वांत आधी आपल्या लहान भावाविषयी बोलू लागली. दुसरी आईविषयी. मला वाटले होते की साधनेतले अनुभव सांगतील. सगळ्या आपापल्या माणसांविषयी बोलत होत्या.

मात्र, आतापर्यंत जे लिहिले त्यात एक मोठी उणीव राहते, आणि नाशिकच्या माणसाने ती ठेवू नये. स्वतःला शोधण्याची ही सगळी वाट ज्यांच्यासाठी देवळाचे दार उघडे होते त्यांची आहे. काळारामाच्या मंदिरात आमच्या सासूबाई रोज जात. त्याच मंदिराच्या दाराशी 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी आणि हजारो स्त्री-पुरुषांनी तो वर्षानुवर्षे चालवला, मार खाल्ला, तुरुंग सोसला. दार उघडले नाही. त्या माणसांसाठी ‘मी कोण’ हा निवांत वेळेतला प्रश्न नव्हता. त्याचे उत्तर त्यांच्या जन्माआधीच दुसऱ्यांनी ठरवून ठेवले होते आणि ते उत्तर नाकारणे हीच त्यांच्या शोधाची सुरुवात होती.

13 ऑक्टोबर 1935 रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले की ते हिंदू म्हणून जन्मले असले तरी हिंदू म्हणून मरणार नाहीत. त्यानंतर नागपूरची धम्मदीक्षा झाली ती 14 ऑक्टोबर 1956 ला. मध्ये 21 वर्षे गेली. या 21 वर्षांचा विचार मी पुष्कळ केला आहे. आपण काय नाही, हे येवल्यात ठरले होते, आणि आपण कोण, हे ठरवायला त्यांनी इतका काळ घेतला. वाचले, तपासले, अनेकांशी बोलले, घाई केली नाही, आणि लाखो माणसे सोबत येतील तेव्हाच पाऊल टाकले. मराठी मुलखातल्या आत्मशोधाची कथा सांगायची तर निवृत्तीनाथांच्या गुहेइतकेच येवल्याच्या मैदानाचे नाव तिच्यात घ्यावे लागेल. तिथे आज मुक्तिभूमी म्हणून स्मारक उभे आहे. नाशिकला सिंहस्थासाठी येणारे लाखो भाविक रामकुंड आणि कुशावर्त करतात. 2026-27 च्या सिंहस्थातही करतील. त्यांतल्या काहींनी येवल्यालाही जाऊन यावे, असे मला मनापासून वाटते.

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. मागच्या वर्षी ती एकटीच हिमाचलला गेली होती आणि परत आल्यावर तिने मला सांगितले की तिथे तिला स्वतःशी बोलता आले. मी तिच्या बोलण्यावर शंका घेतली नाही. तिच्या वयात एकटीने कुठे जाणे मला शक्य नव्हते, आणि ते तिला शक्य आहे याचा मला आनंदच आहे. पण आजीचा विषय निघाला तेव्हा तिने मला जे विचारले त्याला मी अजून उत्तर शोधते आहे. ती म्हणाली, “आई, आजी शेवटी स्वतःलाच विसरली. मग आयुष्यभर तिने जे नेम-धर्म केले, त्यातून तिला स्वतःविषयी जे काही कळलं असेल, ते सगळं फुकट गेलं का?”

मी तिला त्या दुपारींविषयी सांगितले, भाकरीच्या कडांविषयी आणि पगाराच्या पाकिटाविषयी. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग तिच्या स्वभावाप्रमाणे नेमके विचारले, “पण हे सगळं तुला कळलं. आजीला काय मिळालं?”

“ऐकणारी मिळाली,” मी म्हटले.

ते तिला पुरेसे वाटले नाही, हे मला दिसले. तिने पुन्हा विचारले की जर सारे काही माणसांतच आहे तर मग मी अजूनही पहाटे उठून तासभर एकटी डोळे मिटून का बसते. याचे उत्तर मात्र माझ्याजवळ तयार होते. त्या शेवटच्या दोन वर्षांत आईंनी “कुणाची गं तू?” हे एकाच सकाळी किती तरी वेळा विचारलेले असायचे. इगतपुरीहून आल्यानंतर ज्या दिवशी पहाटे माझे बसणे झालेले असे त्या दिवशी मी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखे उत्तर देऊ शकत असे. ज्या दिवशी राहून जाई त्या दिवशी दुपारपर्यंत माझा आवाज चढलेला असे आणि त्या वाती सोडून भिंतीकडे तोंड करून बसत. मुलगी यावर काही बोलली नाही. पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेला मी त्र्यंबकला जाणार आहे, तेव्हा रजा काढून येईन, असे तिने परवा फोनवर सांगितले, आणि समाधीपाशी दिंड्यांच्या रांगेत किती वेळ लागतो, हेही विचारून घेतले.